चाळीस हजार ओस गावं : ‘इन्हॅबिट’ या क्रियापदाचं एक प्रकरण

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामीण पाणीपुरवठ्यावरचा एक इंग्रजी अहवाल मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. मी बावीस वर्षं भाषांतर करते आणि दोन-तीन तरुणांना सोबत घेऊन काम करता करता शिकवते. त्यांतला एक सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातला. मराठी घरचं आणि खणखणीत, इंग्रजी कष्टानं कमावलेलं. पहिलं प्रकरण त्याच्याकडे दिलं. त्यात सुरुवातीलाच 2011 च्या जनगणनेतलं एक छोटं कोष्टक होतं. महाराष्ट्रातली एकूण गावं 43,665, आणि त्यांचे दोन भाग : 40,959 आणि 2,706. पहिल्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं होतं ‘इन्हॅबिटेड’, दुसऱ्याच्या डोक्यावर ‘अनइन्हॅबिटेड’.

त्यानं वाक्य केलं होतं : ‘राज्यात 40,959 गावे निर्जन असून 2,706 गावांत वस्ती आहे.’

मी ते तपासलं. आकडे मुळाशी ताडून पाहिले, बेरीज केली, जुळली. पुढं गेले. ही चूक माझीही आहे, कारण बेरीज जुळली की आकड्यांचं काम झालं असं मी त्या दिवशी धरून चालले. पान मांडणीला गेलं. मांडणी करणारे काका इंग्रजीच्या वाटेला जात नाहीत, पण समोर आलेलं प्रत्येक मराठी वाक्य वाचतात. संध्याकाळी त्यांचा फोन आला. म्हणाले, “ताई, एक विचारू का? चाळीस हजार गावं ओस पडलीत म्हणायची का आपली?”

दुसऱ्या दिवशी मी त्याला समोर बसवलं. रागवायचं नव्हतं. हे घडलं कसं, तेवढं हवं होतं. त्यानं मूळ पानाची प्रत काढली. समासात पेन्सिलीनं त्यानं आपला विचार टिपून ठेवला होता. ‘इन’ म्हणजे नाही : इनव्हिजिबल म्हणजे न दिसणारं, इनकम्प्लीट म्हणजे अपुरं, इनजस्टिस म्हणजे अन्याय. मग इन्हॅबिटेड म्हणजे वस्ती नसलेलं. अनइन्हॅबिटेडमध्ये नकार दोनदा आला. खाली लिहिलं होतं, ‘दोन नकार = होकार, म्हणून वस्ती आहे.’

हे वाचून मला खरं तर बरं वाटलं. अंदाजपंचे ठोकून दिलेलं नव्हतं. शाळेत शिकवलेला नियम त्यानं इमानदारीनं लावला होता, तोही दोन्ही रकान्यांना सारखाच. म्हणूनच चूक इतकी साफ उलटी पडली आणि कुठंही खडा लागला नाही. “पण चाळीस हजार निर्जन गावं लिहिताना हात थांबला नाही?” असं मी विचारलं, तर म्हणाला, “थांबला होता ताई. पण आमच्याकडची निम्मी घरं पुण्या-मुंबईला गेलीत. दारांना कुलपं. म्हटलं, सरकारनं तेच मोजलं असेल.”

या उत्तरानं प्रकरण नुसत्या शब्दाचं राहिलं नाही. पण आधी शब्द.

लॅटिनमध्ये दिसायला एकच असलेले दोन ‘इन’ आहेत. एक नकाराचा. तो आपल्या अ-अन् चा सख्खा नातेवाईक, म्हणजे ‘अदृश्य’मधला अ आणि इनव्हिजिबलमधला इन मुळात एकच. दुसरा ‘इन’ म्हणजे आत. इन्हेल म्हणजे श्वास आत घेणं, इन्क्लूड म्हणजे आत घेऊन बंद करणं. इन्हॅबिटमधला ‘इन’ या दुसऱ्या घरचा. पुढचं ‘हॅबिट’ आलं लॅटिन ‘हॅबितारे’ या क्रियापदावरून, अर्थ वस्ती करून राहणं. ते स्वतः ‘हॅबेरे’ म्हणजे ‘जवळ बाळगणं, धरणं’ या क्रियापदापासून निघालं. पुन्हा पुन्हा धरून राहिलं की त्याचं राहणं होतं. सवयीचा ‘हॅबिट’ही त्याच ‘हॅबेरे’चा. आपल्याकडे जमिनीचा ताबा आणि चालत आलेला रिवाज या दोन्हींना ‘वहिवाट’ हा एकच शब्द चालतो, तेव्हा हे मराठी माणसाला परकं वाटायचं कारण नाही.

तरीही दोन ‘इन’ वेगळे आहेत एवढं सांगून ते डोक्यात बसत नाही. मी बरीच वर्षं सांगून पाहिलंय. या वेळी मी त्याला कागदावर दोन मराठी शब्द लिहायला सांगितले : निवासी आणि निर्वासित.

दोन्हींत ‘वास’ आहे. दोन्हींच्या पुढं ‘नि’ दिसतो. निवासमधला ‘नि’ आत, खाली, मुक्कामाला नेतो, तर निर्वासितमधला ‘निर्’ बाहेर काढतो. फरक एका रफाराचा. आयुष्यात त्यानं या दोन शब्दांत कधी गल्लत केली नव्हती, करणंही शक्य नव्हतं, कारण ते त्याला माणसांसकट माहीत होते. उल्हासनगरचं उदाहरण घेतलं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा दिली. 1949 मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आजही तिथले लोक पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प पाच असंच सांगतात. निर्वासितांनी शहर वसवलं आणि ते तिथले रहिवासी झाले. या वाक्यात ‘वस्’ धातू तीनदा येतो आणि तिन्ही ठिकाणी तो काय करतोय ते आपल्याला आपोआप कळतं.

तो बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत राहिला. मग त्यानं स्वतःच खाली इन्हॅबिटेड लिहून पुढं ‘नि’ लिहिला आणि अनइन्हॅबिटेडच्या पुढं ‘निर्’.

ही गल्लत एकट्या त्याची नाही, हे त्याला मुद्दाम सांगितलं. इन्हॅबिटेबल म्हणजे आज इंग्रजीत ‘राहण्याजोगं’. पण शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड द सेकंड’ या नाटकात आल्प्सच्या गोठलेल्या कड्यांविषयी बोलताना हाच शब्द ‘राहण्यास अयोग्य’ या अर्थानं येतो. फ्रेंचमध्ये तर आजही त्याच स्पेलिंगचा शब्द ‘राहता न येणारं’ असाच वाचतात. पेट्रोलच्या टँकरमागं लिहिलेलं ‘हायली इन्फ्लेमेबल’ घ्या, तिथंही ‘इन’ नकाराचा नाही, पण पहिल्यांदा वाचणारा अडखळतो. आगीच्या बाबतीत ही अडखळ जिवावर बेतू शकते, म्हणून त्या शब्दाऐवजी बिनधोक ‘फ्लेमेबल’ लिहा, असा आग्रह पुढं धरला गेला. राहण्याच्या बाबतीतही तोच धडा घ्यावा, असं माझं मत आहे : लिहिताना इन्हॅबिटेबल टाळून ‘हॅबिटेबल’ वापरावा. वाचताना मात्र दोन्ही ओळखता यायला हवेत.

रकाने सुलट झाले. आता 40,959 गावांत वस्ती, 2,706 गावांत नाही. त्यानं वाक्य फिरवून आणलं : ‘2,706 गावे निर्जन आहेत.’

इथं मी पुन्हा थांबवलं. निर्जन म्हणजे जिथं माणूस दिसत नाही. रात्री दोनचा घाटरस्ता निर्जन, भर समुद्रातलं खडकाळ बेट निर्जन. जनगणनेतलं ‘अनइन्हॅबिटेड व्हिलेज’ तसं असतंच असं नाही. जनगणनेचं गाव म्हणजे महसुली गाव : ज्याला हद्द आहे, नाव आहे, सातबाऱ्यावर ‘मौजे’ म्हणून नोंद आहे. त्या हद्दीत मोजणीच्या वेळी राहणारं कोणी सापडलं नाही, तर ते अनइन्हॅबिटेड. 2011 ला मोजणीचा संदर्भक्षण होता 1 मार्चची मध्यरात्र. देशभरात सुमारे 6 लाख 40 हजार गावं भरली, त्यांतली 5 लाख 97 हजारांच्या आसपास वस्तीची. उरलेली चाळीसेक हजार गावं सगळी भकास पडलीत असं नव्हे. कित्येक ठिकाणी शेती जोरात असते, फक्त कसणारे रात्री शेजारच्या गावी जातात.

आणि कुलपं लागलेलं गाव? तिथं एक म्हातारी जरी राहत असेल, तरी ते गाव इन्हॅबिटेडच. त्याच्या मनातली रिकामी गावं आणि सरकारच्या रकान्यातली रिकामी गावं ही अशी वेगळी निघाली.

यावर तो म्हणाला, “ताई, मग असलं एक गाव आमच्या शिवेला लागूनच आहे.”

त्यानं सांगितलं ते मी जवळजवळ त्याच्याच शब्दांत देते. त्याच्या गावाच्या ओढ्यापलीकडे दुसऱ्या नावाची मौजे आहे. कधी काळी पटकी आली, लोक उठून अलीकडं आले, असं म्हातारी माणसं सांगतात. आता तिथं ज्वारी, हरभरा, अलीकडं डाळिंब. विहिरींवर मोटारी. मधोमध एक उंचवटा, त्याची माती भुरकट पांढरी. नांगर लागला की खापरं निघतात, एकदा जात्याची तळी निघाली. उंचवट्याच्या कडेला मारुतीचं देऊळ आणि मोठा लिंब. त्याचे आजोबा रोज दिवस मावळता ओढा ओलांडून जायचे, मारुतीपुढं दिवा लावायचे आणि अंधार पडायच्या आत परत यायचे. आजोबांनंतर चुलते जातात. चैत्रात जत्रा भरते. तेव्हा मुंबईचे लोकही येतात आणि देवळात नारळ फोडताना आपलं मूळ गाव म्हणून त्याच गावाचं नाव घेतात.

त्या पांढऱ्या उंचवट्याला मराठीत नाव आहे : पांढरी. गाव म्हणजे काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी घरांची. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती मुरून जिथं जमिनीचा रंग बदलतो ती पांढरी, आणि शेतात अचानक पांढरी लागली की तिथं कधी तरी लोक राहत होते, हे शेतकऱ्याला कळतं. पुरातत्त्वाची माणसंही याच खुणेनं जातात. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 अशी वर्षानुवर्षं खोदाई केली, ती अशाच मातीवर. तिथली वस्ती साधारण इसवी सनपूर्व 1600 ते 700 या काळातली. अशा जागेबद्दल इंग्रजीत लिहायचं तर ‘वॉज इन्हॅबिटेड’ हीच रचना हाताशी येते. कोण राहत होतं, त्यांची नावं काय, हे ठाऊक नसतं. जागेवर राहणं झालं होतं, एवढंच ठाऊक असतं.

मग त्या ओढ्यापलीकडच्या गावाला काय म्हणायचं? ‘ओसाड’ म्हटलं तर डाळिंबाच्या बागा आड येतात. ‘उजाड’चंही तेच. त्यानं ‘बेचिराख’ सुचवला, कारण जुन्या कागदांत त्यानं तो पाहिला होता. शब्द बरोबर आहे आणि फार जुना आहे. आज आपण बेचिराख म्हणजे जळून राख झालेलं समजतो, पण त्यात राखेचा संबंध नाही. मूळ फारसी ‘बे-चिराग’ : जिथं दिवा लागत नाही ते. मराठीत आल्यावर ग चा ख झाला आणि राख आपोआप दिसू लागली. महसूल गोळा करणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर ही फार नेमकी व्याख्या आहे. शेत पिकतंय की नाही हा वेगळा प्रश्न, संध्याकाळी घरात दिवा लागतो का, एवढंच बघायचं. अनइन्हॅबिटेड या शब्दाला इतका जवळचा शब्द मला दुसरा माहीत नाही. पण आज तो लिहिला तर वाचणाऱ्याला 2,706 गावं जळाली असं वाटेल. म्हणून तो शब्द सोडावा लागला.

तो म्हणाला, “आणि आमच्याकडं तर दिवा लागतोय की रोज.”

त्यावर मला काही बोलता आलं नाही. शेवटी ‘वस्ती असलेली गावे’ आणि ‘वस्ती नसलेली गावे’ ठरलं. शासनाच्या मराठी कागदांतही हीच साधी भाषा आढळते. कोष्टकाखाली एक टीप घातली : ‘महसुली हद्द व नाव असलेली, परंतु मोजणीवेळी कोणी राहत नसलेली गावे. येथे शेती असू शकते.’ काकांना वाचून दाखवली. ते म्हणाले, आता समजलं.

प्रकरण इथं मिटलं असतं, पण नवा शब्द हाती लागला की माणूस तो जिथं तिथं वापरून बघतो. पंधरा दिवसांनी त्यानं कुठल्याशा अर्जासाठी स्वतःची इंग्रजी ओळख लिहून आणली. पहिलंच वाक्य : ‘आय इन्हॅबिट इन पुणे सिन्स 2019.’

व्याकरणाची दुरुस्ती सोपी होती. या क्रियापदाला ‘इन’ वेगळा लागत नाही. आत असण्याचा अर्थ त्याच्या पोटातच आहे, जागा थेट कर्म म्हणून येते. आपण ‘पुण्यात राहतो’ म्हणतो, त्या ‘-त’ चं भाषांतर करायला हात जातो, म्हणून मराठी माणसाकडून ही चूक हमखास होते. ‘सिन्स’बरोबर क्रियापदाचा काळही बदलायला हवा होता.

पण ‘इन’ काढून टाकला तरी वाक्य इंग्रजी कानाला विचित्रच लागतं, आणि ते का, हे सांगणं जास्त महत्त्वाचं. मी त्याला दोन प्रश्न दिले. ‘तू कुठं राहतोस?’ आणि ‘त्या बेटावर कोण राहतं?’ मराठीत दोन्हीकडे राहणं. पण पहिल्या प्रश्नात माणूस समोर उभा आहे आणि आपण त्याची जागा विचारतोय. दुसऱ्यात जागा समोर आहे आणि आपण तिच्यावर कोण आहे ते विचारतोय. ‘लिव्ह’ माणसाकडून बघतो, ‘इन्हॅबिट’ जागेकडून. म्हणून त्याचा कर्ता बहुतेक वेळा एकटा-दुकटा माणूस नसून जमात, लोकसमूह, एखादी प्राणिजात असते. ‘शेकरू भीमाशंकरच्या जंगलात राहतं’ याला इन्हॅबिट शोभतो. ‘माझा भाऊ नाशिकला राहतो’ याला नाही. आणि म्हणूनच हे क्रियापद कर्मणी रचनेत इतकं वापरलं जातं : अमुक बेट अमुक लोकांनी इन्हॅबिटेड आहे. लक्षद्वीपच्या 36 बेटांपैकी वस्ती 10 बेटांवर, हे वाक्य इंग्रजीत लिहायचं तर दुसरं क्रियापद शोधायचीही गरज पडत नाही. हे नुसत्या ‘राहणे’तून कळत नाही. शब्दकोशात इन्हॅबिटपुढं ‘राहणे, वास करणे’ असतं. त्यात चूक काही नाही, पण शिकणाऱ्याला हवं ते त्यात सापडत नाही. मराठीत जागेकडून बघणारं क्रियापद आहे, ‘वसणे’. नदीकाठी गाव वसलंय. पण तिथं कर्ता गावच होतो, लोक बाजूला राहतात. म्हणून मी शिकवताना ‘वस्ती असणे’ हेच पुढं करते.

मग त्याच्या वाक्यात काय हवं? साधा ‘लिव्ह’. त्याला तो फार साधा वाटला, अर्जात वजन हवं म्हणाला. वजनाचा शब्द ‘रिसाइड’. तो कागदोपत्री राहण्याचा, आपल्या रहिवासी दाखल्याच्या जातीचा. तिथंही ‘इन’ लागतोच. ‘स्टे’ आपल्या शहरांत सर्रास ऐकू येतो, ‘व्हेअर डू यू स्टे?’, कारण मराठी-हिंदीतलं राहणं हॉटेलातही चालतं आणि घरातही. इंग्लंड-अमेरिकेत ‘स्टे’ म्हणजे चार दिवसांचा मुक्काम. स्कॉटलंडमध्ये मात्र तो घराबद्दलही चालतो, त्यामुळं भारतीय वापराला सरसकट चूक म्हणणं मला पटत नाही. ‘ड्वेल’ आता जवळजवळ काव्यातला. त्याचा जुना इंग्रजी अर्थ होता वाट चुकवणं, मग रेंगाळणं, मग थांबणं, आणि शेवटी राहणं. हे ऐकून त्याला वस्तीची एसटी आठवली. शेवटची गाडी रात्री गावात मुक्कामाला थांबते ती वस्तीची गाडी, आणि चारशे घरांची तीही वस्तीच. थांबण्यातून राहण्याकडे दोन्ही भाषा सारख्याच चालत गेल्यात.

‘अधिवास’ या शब्दावर जरा घोटाळा झाला. त्याला तो दाखल्यावरून माहीत होता. महाराष्ट्रात 15 वर्षांचं वास्तव्य दाखवून जे डोमिसाइल काढतात, ते अधिवास प्रमाणपत्र. अहवालात पुढं ‘हॅबिटॅट’ आला तेव्हा जीवशास्त्राच्या मराठीतही अधिवासच आहे हे पाहून तो गोंधळला. माझ्या मते दोन्ही चालतील. संदर्भ इतका दूरचा आहे की वाचणारा फसत नाही. हॅबिटॅट हे मुळात लॅटिन क्रियापदच : ‘तो राहतो’. वनस्पती-प्राण्यांची लॅटिन वर्णनं ‘हॅबिटॅट अमुक ठिकाणी’ अशी लिहिली जायची, त्यातून ते नाम बनलं.

नटानं भूमिका ‘इन्हॅबिट’ केली, हा प्रयोग त्यानं मला विचारला. तिथं जागा म्हणजे भूमिका. मराठीत भूमिकेत शिरणं म्हणतात, तेच.

अहवालाचं शेवटचं प्रकरण करताना एक जोडशब्द आला : ‘सीझनली इन्हॅबिटेड’. मेंढपाळांचे वाडे, ऊसतोडीच्या काळात कारखान्याभोवती पडणाऱ्या कोप्या, यांच्या पाण्याबद्दलचा परिच्छेद होता. या वेळी त्यानं समासात ‘नि’ लिहून ठेवला होता आणि पुढं ‘हंगामी वस्ती’. मी तो कायम केला. पण त्यानं दुसरा प्रश्नही तिथंच लिहिला होता : ऊसतोड कामगार सहा महिने कोपीत असतो, तेव्हा त्याच्या गावाकडच्या कुलूपबंद घराला अहवाल काय म्हणतो? अहवालात त्या घरासाठी शब्दच नव्हता. मी संस्थेला तसं पत्र लिहिलं, त्याचा प्रश्न त्याच्याच वाक्यात घालून. पुढच्या आवृत्तीत तो परिच्छेद वाढवू, असं त्यांचं उत्तर आलं आहे.